नाद

सहा दिवस पंचगंगा आमच्या गॅरेजात राहून गेली.
शटर उचललं तेव्हा लाल एमजी
गुळाच्या ढेपेसारखी दिसत होती,
आणि स्टिअरिंगवर एक गोगलगाय,
निवांत,
जणू लायसन तिच्याच नावावर.

आप्पांनी ती अठ्ठ्याहत्तर साली
इचलकरंजीच्या एका सूतवाल्याकडून आणलेली.
दोन सीट, वर आभाळ.
आई एकदाच बसली,
पदर सांभाळता सांभाळता रंकाळा कधी आला कळलंच नाही म्हणाली,
पुन्हा बसली नाही.
रविवारी आप्पा ती सुरू करायचे, नुसती उभ्या उभ्या.
गल्लीला आवाजावरून कळायचं,
नेजदारांकडे आता मटण चढणार.

उद्यमनगरात इलाही मिस्त्रींनी प्लग काढले,
सिलिंडरमध्ये टॉर्च मारला.
तिसऱ्यात गाळ, चौथ्यात गाळ आणि एक शिंपला.
"ब्लॉक फुटलाय बाई. चीर गेलीया आरपार."
मी म्हटलं, मग मोटर बसवा.
मला रोज शिरोलीला जायचंय, फौंड्रीत.
रविवारची गाडी मला नको.

चार महिने लागले.
मोटर एका मोडीतल्या फोर्कलिफ्टची.
गिअरबॉक्सला ती जोडायची प्लेट
शेजारच्या लेथवर तीनदा कातली,
दोनदा अर्ध्या मिलिमीटरने चुकली.
टाकीच्या जागी सहा बॅटऱ्या, नाकात चार,
"वजन हाय तसंच ठिवायचं,
न्हाईतर चढाला नाक वर करंल."
पेट्रोलचा काटा त्यांनी चार्जिंगला जोडून दिला.
तो अजून ई आणि एफच्या मध्येच हलतो,
त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

आरटीओतल्या माणसाने विचारलं,
"इतकी झ्याक गाडी, मुकी का केली?"
मी सही कुठे करायची ते विचारलं.

आता सकाळी सव्वासातला निघते.
कावळा नाक्याला कुत्रं चाकापुढून उठत नाही,
त्याला मी आल्याचं ऐकूच येत नाही.
डावा पाय उगाच क्लच दाबतो,
उतारावर उजवा कान काहीतरी शोधतो.
पुलावर मात्र
खालच्या पाण्याचा आवाज येतो,
उसाच्या ट्रॉलीची साखळी,
माझ्याच डब्यातल्या चमच्याची खुळखुळ.
आप्पांनी या रस्त्यावर यातलं काहीच ऐकलं नसणार.

फौंड्रीत माझं काम ठोकून बघण्याचं.
थंड झालेलं कास्टिंग टांगायचं, हातोडी मारायची.
चांगला पीस घंटेसारखा बोलतो, लांबवर.
चीर असेल तर खोकतो.
तेवीस वर्षं हेच ऐकतेय.

दिवाळीआधी मिस्त्रींकडे हिशेब चुकवायला गेले.
ते कोपऱ्यात बसून चहा पीत होते,
बूड आमच्या जुन्या ब्लॉकवर.
हातोडी पिशवीत होतीच.
त्यांना उठवलं.
मारली.

घंटा.
पत्रे थरथरले. लेथवरच्या पोराने मान वर केली.
पुन्हा मारली, दुसऱ्या अंगाला.
पुन्हा घंटा.

"मिस्त्री, हा तर धडधाकट आहे."
त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायले.
"मग? सांगितलं असतं तर दुरुस्त करून दिली असती.
आन् झाकून ठिवली असतीस.
अण्णांच्या फोटोसारखी. हार घालून."

मी काही बोलले नाही.
रागवायचं होतं. हातोडी हातात होती.

"आवाज न्हाई म्हणून वंगाळ वाटतंय व्हय?"
वाटतंय, मी म्हटलं.
"मला बी," ते म्हणाले,
आणि ब्लॉक पुन्हा पालथा करून
त्याच्यावर बसले.

पैसे मोजून दिले. पन्नास त्यांनी परत केले.
बाहेर गाडी उभी होती, काटा ई आणि एफच्या मध्ये.
किल्ली फिरवली.
काहीच झालं नाही,
म्हणजे चालू झाली.