गिनी

मत्रहच्या बाजारात, लोबानच्या दुकानाशेजारी
मुर्तझाभाईचा काटा.

"पुन्हा टाका."
तो गिनी काचेवर टाकतो.
नाद लांबत जातो, पंख्याच्या घरघरीवरून.

सात ग्रॅम अठ्ठ्याण्णव.
चुंबक जवळ नेलं, गिनी ढिम्म.
भिंगातून मी कडेचे दाते बघते,
रात्रपाळीत सलाईनचे थेंब बघते
तशी.

आता त्याची पाळी.
माझ्या रियालच्या नोटा एकेक करून
तो दिव्यासमोर धरतो,
माझ्या ओव्हरटाइमच्या आरपार बघतो.

पावती कुणाच्या नावे?
ओठांवर आलेलं भावाचं नाव गिळते.
"हेमांगी," सांगते. "हेमांगी परुळेकर."

उजवीकडून डावीकडे
तो काहीतरी लिहितो.

नाव काही वाजवून घेता येत नाही.
पावतीची घडी घालते.