पोटरी, डावी

ब्लेक स्ट्रीटच्या चढावर
पंच्याण्णव नंबरची बस पकडायला धावले
आणि मागून कुणी दगड मारावा तशी कळ.
वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

एकोणीस वर्षं मी हेच कापत आलेय शेफील्डात,
गोठवलेल्या स्नायूचे
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप:
गुलाबी तंतू, जांभळी केंद्रकं.
आत काय चाललंय ते मला तोंडपाठ.
आधी येतात खरकटं काढणाऱ्या पेशी,
त्यांना घाई केलेली खपत नाही,
म्हणून सुजेवरच्या गोळ्या मी कपाटातच ठेवल्या
(दोन घेतल्या. रात्री).
मग तंतूच्या कडेला, पांघरुणाखाली,
वर्षानुवर्षं निजलेल्या इवल्या पेशी
कूस बदलतात, उठतात, दोनाच्या चार होतात.
त्रेपन्नाव्या वर्षी जरा जास्त हाका माराव्या लागतात.

फिजिओ ग्विनेथ म्हणते, चाल.
पडून राहिलीस तर तिथे व्रणाचा दोर वळला जाईल,
पळालीस तर विणलेलं उसवेल.
म्हणजे नेमकं किती?
“दुखेल त्याच्या अलीकडे.”

ओट्याला धरून टाचा उचलते.
बाराव्या खेपेला डाळ उतू जाते.

धडक्या तंतूत केंद्रक कडेला असतं, भिंतीला टेकून.
फाटून जुळलेल्यात ते मधोमध येऊन बसतं
आणि बरेच दिवस हलत नाही.
नव्या टॅम्सिनला काल तेच दाखवत होते:
हे बघ, ह्याला कधीतरी लागलं होतं.
ती म्हणाली, पण छान भरलंय की.

मी खुर्चीखाली पाय लांब केला.