धर्माचा रकाना

दर दोन वर्षांनी टायपिंगच्या दुकानात
कण्णूरचा पोरगा विचारतो, रिलिजन?
त्याच्या पडद्यावर पाच-सहा पर्याय. माझा नाही.
एकदा म्हणालो, काहीच नाही असं लिही.
तो हसला. भाई, रिकामं ठेवलं तर मशीन पुढे जात नाही.
मग हिंदू.
जन्मतारखेपासून रक्तगटापर्यंत सगळं खरं,
एवढी एक ओळ सोडून.

मी गुरवाचा मुलगा.
देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या,
उजवी पडली की होय, डावी पडली की नको.
बाप गाऱ्हाणं घालायचा, गाव म्हणायचं व्हय महाराजा,
म्हशीपासून सोयरिकीपर्यंत सगळे निकाल तिथेच.
आठव्या वर्षी मला कळलं
की जी कळी कमी भिजवली ती आधी सुटते.
कोणाला बोललो नाही.
सुरुवातीला एवढंच होतं माझं नास्तिक असणं,
पाण्याबद्दलचं एक गुपित.

आता इथे सोहारला, समुद्र गोड करायच्या कारखान्यात,
रात्रपाळीला मी आणि मुकादम, दाभोळचा.
आमचं भांडण मराठीत,
बाकीच्यांना वाटतं पगारावरून चाललंय.
तो म्हणतो, हा पंप कोणीतरी केला ना? मग समुद्र?
मी म्हणतो, पंपाची पाटी वाच. कोरियाचा आहे, नंबर आहे,
बिघडला की फोन लावता येतो.
तो म्हणतो, मी दिवसातून पाच वेळा लावतो.
मी विचारतो, उचलतो का कोणी?
तो म्हणतो, तू तुझ्या बायकोला रोज लावतोस, ती रोज उचलते का?
इथे मला हसू येतं आणि मुद्दा निसटतो.

मग लिंगय्या गेला. झोपेत, शुक्रवारी,
पायमोजे खिडकीत वाळत होते.
दवाखान्याच्या काचेआडून कागद सरकला,
मयताचा धर्म.
कंपनीचा माणूस माझ्याकडे बघायला लागला,
तुम्ही एका खोलीतले.
मला माहीत होतं.
गच्चीवर दोरी बांधताना तो बोलला होता तुटक्या हिंदीत,
ऊपर कोई नहीं, मैं बहुत ऊपर गया.
मचाण बांधायचा तो. चिमणीच्या टोकापर्यंत चढलेला.
मी सांगितलं, हिंदू.
पेटी विमानात चढायची होती, तिकडे आई होती,
आणि मशीन पुढे जात नाही.

मुकादमचे ओठ सगळा वेळ हलत होते.
बाहेर गाडीत बसल्यावर विचारलं,
त्याच्यासाठी चालतं का रे तुमच्यात?
म्हणाला, ठाऊक नाही. मी विचारलं नाही कोणाला.
आणि एसी वाढवला.

त्या रात्री बापाचा अंगठा आठवला.
मी गल्फला जाऊ का, म्हणून त्याने कौल लावला होता.
आईला नको होतं, भावकीला नको होतं.
मी खांबाआड.
त्याने उजवी कळी धोतराच्या सोग्याला टिपली,
हलकेच, जखम टिपावी तशी,
आणि मग लावली.
पडली उजवी. व्हय महाराजा.
म्हणजे त्यालाही माहीत होतं?
कधीपासून?
आणि तरी रोज पहाटे गार पाण्याने आंघोळ,
तरी तापातसुद्धा दिवा?
हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं,
आणि आता तो नंबर दुसऱ्याच कुणाचा आहे.

मुकादमला हे मी सांगितलेलं नाही.
सांगितलं तर तो म्हणेल, बघ,
अंगठा कोणी हलवला?
आणि मी म्हणेन, बापाने. बापाने, मुकादम.
यावर आमची अख्खी पाळी जाईल.

पहाटे तो नमाजाला जातो तेव्हा त्याचे पंप मी बघतो.
दाब, तापमान, क्षार.
क्षाराचा काटा शून्यावर कधीच येत नाही,
येऊन चालतही नाही, पाणी बेचव लागतं.
बाहेर उजाडायच्या आधीचा दमट वारा,
चिमणीवर लाल दिवा,
वर बाकी काही नाही. मी पाहिलंय.
तो परत येतो, कोपरापर्यंत ओला,
हातात चहाचे दोन पेले.
म्हणतो, हां, तर काल कुठे राहिलं होतं आपलं?