अठ्ठेचाळीस पायऱ्या

खाट क्रमांक सहा. वायदोतास, वय चोपन्न,
क्लायपेडाच्या बंदरात क्रेन चालवतो.
फॉर्मवर सगळं आहे:
सिगारेट सोडून अकरा वर्षं,
खारवलेला हेरिंग आठवड्यातून दोनदा,
वजन, साखर, वडील कशानं गेले.
(बुडाले. त्याला रकाना नाही, म्हणून ‘इतर’.)

रात्रपाळी माझी.
दोनच्या सुमारास बाहेरून कुणीतरी जड बुटांनी गेलं,
लिफ्ट दुरुस्त करणारा होता बिचारा,
आणि पडद्यावरचे बहात्तर
एकशे अठरा झाले.
वायदोतास झोपलेला. पापणीही हलली नाही.
मी तारा तपासल्या. तारांत काही नव्हतं.

सकाळी लापशी देताना विचारलं.
खिडकीकडे बघत म्हणाला,
आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो.
अठ्ठेचाळीस पायऱ्या.
बापाचं जहाज समुद्रावर असलं की त्या नुसत्या पायऱ्या,
आम्ही दोघं त्यांच्यावरून बटाटे गडगडवायचो.
जहाज धक्क्याला लागलं, की मोजायच्या.
न थांबता वर आला तर जेवण.
सोळावीवर कठडा धरून थांबला
तर स्काइस्ते मला कपाटात ढकलायची,
ओल्या कोटांच्या मागे,
आणि बाहेरून कडी लावायची.
स्वतः बाहेर.

मग चमचा बशीवर ठेवला.
स्काइस्ते कुठे असते, मी विचारलं.
गेली. एकोणपन्नासाव्या वर्षी.
बोटानं फक्त छातीवर टिचकी मारली.

जीव मुठीत धरून बसणं, आपण किती सहज म्हणतो.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं,
हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं.
सात वर्षांच्या पोराची मूठ केवढी असेल?
कपाटातल्या अंधारात ती आवळली गेली,
आणि मग बाप बुडाला,
झेंडा बदलला, नाणी बदलली,
त्या जिन्याला नवा रंग लागला,
पण मुठीला कुणी सांगितलंच नाही
की बाई, आता सोड.

डॉक्टर युर्गिता राउंडला आल्या.
जाळी नीट बसलीय, म्हणाल्या, वाहिनी मोकळी आहे.
मीठ कमी करा.
मी पायऱ्यांचं सांगणार होते.
त्यांच्यामागे आणखी नऊ खाटा होत्या.
‘इतर’च्या पुढे पेन्सिलीनं लिहिलं: जिना.
उद्या कुणीतरी खोडेल.

त्या रात्री मी दारापासूनच बोलत आले,
वेड्यासारखी, मोठ्यानं:
मी अल्दोना. गोळी आणलीय. बाहेर धुकं आहे.
लिफ्ट चालू झाली हो.

एक्क्याण्णव.
मी तिथंच उभी राहिले, पाय न हलवता.
अठ्ठ्याऐंशी.
चौऱ्याऐंशी.