पाचवं पाऊल

उलानबातरमध्ये उणे एकतीस.
दुकानात शिरताच चष्म्यावर धुकं,
आणि त्या धुक्यातूनच तेमुलेन बोट दाखवतो,
"ते. तीन पंख्यांचं."

ग्राफिक्स कार्डाकडे तो असा बघतो
जसे बाबा शर्यतीच्या शिंगराकडे बघायचे,
दात न तपासताच सौदा पक्का.

मला मेमरी हवी. बत्तीस जीबी तरी.
माझा घोडा जुन्या मशीनवर
रात्रभरात चार पावलं टाकतो,
पाचव्याला पडदा निळा.

पैसे एकाच पाकिटात:
आईने विणून विकलेल्या हातमोज्यांचे,
मी जोडून दिलेल्या लग्नाच्या व्हिडिओंचे,
त्याच्या सायकलचे.
कागदावर लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.
काचेचं कॅबिनेट गेलं. रंगीत दिवे गेले.
प्रोसेसर एक पायरी खाली उतरला.

दुकानवाल्या दोर्जपलमबाई मिठाचा चहा ओततात.
"पॉवर सप्लायवर मात्र कंजुषी नको.
सगळ्यांना जेवू घालणारा तोच,
आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही."

आम्ही दोघंही बघतो
त्या करड्या, बिनदिव्याच्या ठोकळ्याकडे.
तेमुलेनच्या हातात आईचे हातमोजे.
"दोन पंख्यांचं चालेल," तो म्हणतो.

रात्री बुटांच्या खोक्यावर मदरबोर्ड,
वाटाण्याएवढी पेस्ट,
श्वास रोखून पहिलं बटण.
आई काही विचारत नाही.
फक्त मागून येते
आणि पंख्याच्या गरम हवेसमोर
हात धरून उभी राहते.

घोडा पाचवं पाऊल टाकतो.
मागचा डावा पाय चुकलाय.
उद्या.