वाकडी वाट करून

हीउमा बेटावरच्या शेवटच्या बसथांब्यापासून
लेइडाआत्याचं दार पन्नास पावलांवर,
आणि पोचायला लागायचा पाव तास.
फाटकातून शिरलं की वाट आधी विहिरीला वळसा घालायची,
मग रुबार्बच्या पानांखालून वाकून जायची,
मग काही कारण नसताना पुन्हा फाटकाशी यायची,
काही विसरलात का, असं विचारल्यासारखी,
आणि मगच घराकडे निघायची.
पोस्टमन एंडेल कंटाळून
कार्डं फाटकातूनच मोठ्याने वाचून दाखवायचा.

वाफ्यात किटल्या होत्या. सात.
वाफा म्हटल्यावर त्या नकोत का?
तोट्यांतून शेपू उगवलेला,
वाऱ्यावर हिरवी वाफ हलत असायची.
गमबूट चौदा, सगळे डाव्या पायाचे, आत कांद्याची पात.
"उजवे कुठे गेले?"
"चालत."
घेवडा चढवलेला एका सायकलवर,
आणि दर रविवारी ती सायकल हातभर पुढे ढकलायची:
बिचाऱ्याला जग कधी दिसणार?
ऑगस्टपर्यंत घेवडा शेजाऱ्यांच्या हद्दीत,
त्यावरून भांडण,
मग दोन्ही घरांत शेंगांचं सूप.

गाव म्हणायचं, बाईचा एक स्क्रू ढिला आहे.
गाव नाकासमोर बघून चालणारं.
त्यांचे बटाटेसुद्धा नाकासमोर बघून उगवत.

मी दहा वर्षांची. जून महिना.
आत्या सहकारी दुकानात पाव आणायला गेली होती.
म्हटलं, म्हातारीला जरा मदत करू.
दोन खुंट्या, एक दोरी,
आणि तिने कुठेही भिरकावल्यासारखी लावलेली बिटाची रोपं
उपटून मी ओळीत लावली,
वीतभर अंतरावर. अकरा, अकरा, अकरा.
हात धुतले. पायरीवर बसले, शाबासकीची वाट बघत.

ती फाटकाशी थांबली.
मग पहिल्यांदाच वाट सोडून
रुबार्ब तुडवत सरळ आली,
बादली पालथी घालून तिच्यावर बसली.
पावाची पिशवी मांडीवर.
ओरडली नाही. म्हणाली, "किती आहेत?"
"तेहतीस!"
"हं. यादीत तेवढीच असतील."
पिशवीतला पाव
ती बोटांनी दाबत होती, सगळीकडून.

तिथे जूनमध्ये रात्र नुसती नावाला.
मध्यरात्री खिडकीतून दिसली ती, गुडघ्यांवर,
एकेक रोप मुळासकट, मातीसकट उचलताना.
"तू इकडे ये, आईपाशी.
तू धाकटी ना? मग हिचा हात सोडायचा नाही.
तुम्ही दोघी इथे.
कुणी विचारलं तर सांगायचं, एकाच घरच्या."

पुष्कळ वर्षांनी बाबा बोलले,
तेही गाडी चालवता चालवता, समोर बघत.
मार्च. जहाजातून उतरवल्यावर स्टेशन. बर्फ. रांग.
लेइडा आठ वर्षांची.
कुणीतरी मधेच हात आडवा घातला:
इथपर्यंत या डब्यात, पुढचे त्या.
"इथपर्यंत"मधली शेवटची लेइडा.
हाताच्या पलीकडे तिची बहीण. हेल्वे.
त्या आत्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.
बाबांचा जन्म नंतरचा, तिकडचाच;
त्यांनाही हे कुणीतरी सांगितलेलंच.
त्यांनी गिअर बदलला. म्हणाले, पेट्रोल भरायला हवं.

घर विकलं.
नव्या मालकांनी फाटकापासून दारापर्यंत फरश्या टाकल्या,
आता पन्नास पावलं म्हणजे पन्नास पावलं.
एक गमबूट मी घेऊन आले, पातीसकट.
टालिनला माझ्या खिडकीत असतो तो,
येणारे जाणारे हसतात.

बेकरीत काउंटरपाशी मी जरा बाजूला उभी राहते.
"रांगेत आहात का?" मागून कुणी विचारतं.
मी वळून आधी बघते, त्याच्या मागे कोण आहे,
मूल आहे का बरोबर,
हात धरलाय का त्याचा.
"तुम्ही व्हा पुढे," म्हणते.
"दोघंही."