वगळली : १

बढतीच्या अर्जासोबत डॉक्टर सानातू इद्दी यांची
प्रकाशनांची यादी टाइप करायला माझ्याकडे आली.
तामालेत हरमाटन सुरू होता.
कीबोर्डवर सहाराची धूळ,
दर अर्ध्या तासानं फुंकावी लागणारी.

एकोणतीस शोधनिबंध, उलट्या क्रमानं.
ताजं वर, जुनं तळाला,
विहिरीत असतं तसं.

वरचं सगळं नितळ:
क्षयाची औषधं चालू असताना गर्भनिरोधक गोळी किती टिकते.
एका सालीचा काढा, उंदरिणीचं गर्भाशय, कळांचा आलेख.
लोहाच्या गोळ्या बायका अर्ध्यावर का सोडतात
(चौदा पानं वाचली. शी काळी होते
आणि सासू विचारते).

समितीचा नियम असा
की पहिलं नाव असेल तर पाच गुण,
दुसऱ्याला तीन,
त्यापुढे कुठंही असा, तुम्ही गर्दीतले. एक.
प्रत्येक ओळीत बाईंच्या नावाखाली रेघ मारायची.
मी रेघा मारत मारत खाली उतरलो.

२००९ ते २०१२, काहीच नाही.
समासात कुलसचिवांची पेन्सिल:
खंड का?

त्या वर्षांत बाई
मोटारसायकलवर मागे बसून
कारागा, गुशेगू, चेरेपोनी करत होत्या.
मांडीवर थर्मास, थर्मासात
गावोगावच्या दवाखान्यांतल्या कुप्या,
बाळंतिणीचं रक्त थांबवायचं औषध.
वीज जायची. इथं तिच्या या जाण्यायेण्याला नावच आहे,
डुमसोर,
विझली-पेटली, विझली-पेटली.
बंद फ्रिजच्या आत दुपार व्हायची.
कुपीवरचं लेबल शाबूत, तारीख शाबूत,
आत पाणी.

त्याचा झाला निबंध क्रमांक अकरा.
त्यात बाईंचं नाव चौथं.
पहिली तीन नावं ज्यांच्याकडे
कुपी तपासायचं यंत्र होतं त्यांची.
रेघ मारली. एक गुण.

दुसऱ्या तक्त्याखाली, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं:
स्त्रिया २१३. वगळली १, माहिती अपूर्ण.

सुहुयिनी, माझी बहीण.
मोकळी झाली, वारही पडली,
पण अंगावरून जायचं थांबेना.
नर्सनं सुई दिली. परत दिली.
तिसरी कुपी फोडताना तिचं बोट कापलं,
आणि कुणाचं रक्त कुठलं ते कळेना.
फॉर्मवर विचारलं होतं, रक्तस्राव किती मिलिलिटर?
तो रकाना कोरा राहिला.
मोजायला एकही हात रिकामा नव्हता.

मुलगी जगली. गुरुवार होता.
आमच्याकडे जन्माचा वारच
नाव होऊन चिकटतो पोराला.
लामिसी.
गणितात कच्ची. आईसारखी मान वाकडी करून हसते,
जिला तिनं पाहिलेलं नाही.

शुक्रवारी नमाजानंतर बाई सही करायला आल्या.
उभ्या उभ्याच वाचत गेल्या,
बोट ओळींवरून, ओठ न हलवता.
एक स्वल्पविराम काढला.
पेन्सिलीपाशी थांबल्या, म्हणाल्या,
“लिही, प्रवास.”
“एवढंच?”
“एवढंच. जागा किती आहे तिथं?”

मी कधी सांगितलं नव्हतं.
आडनाव आमच्याकडे शंभर घरांत सापडतं,
आणि मी ऑफिसातला टायपिस्ट,
खुर्ची सरकवली की दिसणारा माणूस.

सही झाली. शाई वाळेपर्यंत
कागदावर फुंकर घालत त्यांनी विचारलं,
“लामिसीला आता कितवी?”

मी म्हटलं, आठवी.
मग उगाच सांगितलं,
गणितात कच्ची आहे.

“पाठव,” त्या म्हणाल्या. “शनिवारी. सकाळी, वीज असते तेव्हा.”

यादी समितीकडे गेली आहे.
गुण किती पडतील, माहीत नाही.
स्क्रीनवर अकरावा निबंध अजून उघडा आहे,
आणि त्या १ वर
धुळीचा एक कण बसलाय.
फुंकला, तरी जात नाही.